तिथीचं लायसन्स आणि आम्ही पाच जण

लायसन्सचे एवढे किस्से तुझ्याकडे जमले कसे, असं परवा कुणीतरी मला विचारलं. जमवले नाहीत हो, जमले! माझा स्वभाव मूळचाच घाबरट. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई मी. अशा बाईच्या हातात एका सॉफ्टवेअरची कायदेशीर कागदपत्रं दिली, तर दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी होणारच. होताना मी रात्र रात्र जागते, आणि वर्षभराने आमच्यातल्या तुळजाक्का तोच प्रसंग पाहुण्यांना हसत हसत सांगतात.

आधी सॉफ्टवेअर सांगते. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. गावातल्या भिंतींवरची कॅलेंडरं सूर्याच्या महिन्यांची, आणि आमच्या घरचं श्राद्ध, सणवार, कुळधर्म सगळं चंद्राच्या तिथीवर. त्यामुळे घरोघरी एकच प्रश्न वर्षभर फिरत असतो, "मामंजींचा दिवस यंदा कधी?"

त्याचं उत्तर देणारा प्रोग्राम आम्ही पाच जणांनी लिहिला. नाव 'तिथी'. उत्तर मराठीत, पण तमिळ अक्षरांत, कारण आमच्यात देवनागरी वाचणारे फार थोडे. मी स्वतः देवनागरी शिकले ती चाळिशीत, या तिथीपायीच! प्रोग्राम ओपन सोर्स. म्हणजे आतला कोड सगळ्यांना उघडा, कुणीही बघावा, वापरावा, बदलावा. कुठल्या अटींवर, ते सांगणारा कागद म्हणजे लायसन्स. आणि तो कागद सांभाळणारी मी, सुभद्रा, एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब बघणारी.

बाकीचे चौघे असे. तुळजाक्का, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या हॉलमध्ये आम्ही दर शनिवारी दुपारी जमतो. वेंकट, आमच्यातला सगळ्यात तरुण, चेन्नईच्या कंपनीचं काम घरून करणारा. आचार, म्हणजे आमचे भटजी. कुठली तिथी कधी धरायची याचे नियम त्यांचे. आणि रघुअण्णा, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनीअर. ते पापनाशमहून बसने यायचे. अधिक महिन्याचं गणित त्यांचं, आणि ते त्यांच्याशिवाय आमच्यात कुणालाही पूर्ण कळलेलं नव्हतं.

*

लायसन्स निवडलं तो पहिला शनिवार.

कोड ज्या साइटवर ठेवायचा, तिने विचारलं, "लायसन्स कोणतं?" खाली ही लांबलचक यादी. मी माऊस सोडून बाकीच्यांकडे बघितलं. वेंकट म्हणाला, "अक्का, सगळ्यांत छोटं घ्या. कुणी वाचत नाहीं." तुळजाक्का म्हणाल्या, "सगळ्यांत लांब घे. लांब अहे म्हणजे विचार करून लिहिलं असेल."

रघुअण्णांनी यादी वहीत उतरवून घेतली. पुढच्या शनिवारी ते कापडी पिशवीतून यादीतल्या प्रत्येक लायसन्सचं प्रिंटआउट घेऊन आले. प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीच्या खुणा, जसं काही धरणाचं टेंडर तपासलंय! दोन तास त्यांनी आम्हाला कलमं वाचून दाखवली. आचारांना मध्येच डुलकी लागली.

शेवटी अण्णांनी 'जीपीएल' नावाच्या लायसन्सवर बोट ठेवलं. वेंकटनं विचारलं, हेच का?

"कालव्याचं पाणी अहे हें," अण्णा म्हणाले. "वरच्यानं घ्यावं, आपलं शेत भिजवावं. पण खालच्याला सोडायचं. बांध घालून बसायचं नाहीं. आपला कोड कुणीही घ्या, सुधारा. दुसऱ्यांना देतांना सुधारलेलं पण उघडं ठेवा."

आयुष्यभर डेल्टातल्या शेतकऱ्यांची पाण्याची भांडणं सोडवलेला माणूस. त्यांच्यासमोर काय बोलणार? आम्ही जीपीएल लावलं. मी मात्र घरी जाऊन सगळी कलमं पुन्हा वाचली, आणि 'कोणतीही हमी नाही' या कलमापाशी येऊन मला रडू यायचं तेवढं राहिलं. आपल्या प्रोग्रामने कुणाच्या वडिलांचं श्राद्ध चुकीच्या दिवशी करवलं तर?

तुळजाक्का फोनवर म्हणाल्या, "अय्यो सुभी, हमी तर आचारपण देत नाहींत!"

*

आचारांचा विषय निघालाच आहे.

आपले नियम द्यायला त्यांनी एक अट घातली होती. लायसन्सच्या फाईलमध्ये एक ओळ हवी: 'स्नान करून वापरावे.'

"आंघोळ न करतां तिथी बघणार? कसाला बघायची मग?" असं त्यांचं म्हणणं. नियम तर त्यांचे हवेत. मी मुकाट्याने ओळ घातली, इंग्रजीतही घातली.

काही महिने कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका दूरदेशीच्या स्वयंसेवकाचं पत्र आलं. लोकांनी बनवलेली सॉफ्टवेअर्स एका संग्रहात घ्यायच्या आधी तो त्यांची लायसन्सं तपासायचा. फार सभ्य पत्र. 'तुमचा प्रोग्राम आवडला. परंतु आंघोळ न केलेल्या व्यक्तींना वापरास मनाई असल्यामुळे हे लायसन्स मुक्त म्हणता येत नाही. अटीऐवजी शिफारस करता येईल का?'

मी ते पत्र वाचून घामाघूम! इतके महिने आपण जगाला मुक्त म्हणून सांगत होतो, आणि मुक्त नव्हतोच. कुणी केस केली तर? आणि आचारांना हे सांगायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्थातच.

शनिवारी मी धीर करून विषय काढला. आचारांचा चेहरा कठोर झाला. तेवढ्यात वेंकटनं विचारलं, "आचार, आपला प्रोग्राम सर्व्हरवर चालतो. त्याला आंघोळ कोण घालणार?"

आचारांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. मग मला म्हणाले, "शिफारस म्हणजे काय? केलंच पाहिजे असं नाहीं, पण केलं तर बरं, असंच ना?"

मी म्हटलं, हो.

"मग घाल तसं. शास्त्रांतपण बरंच काय असंच अहे!"

ती ओळ लायसन्समधून निघून माहितीच्या पानावर गेली. अजून तिथेच आहे.

*

पुढचा किस्सा माझ्या कॉलेजातला.

कॉलेजच्या नियमावलीत मला एक ओळ सापडली. सापडली म्हणजे, मी शोधलीच. कॉलेजच्या यंत्रांवर कर्मचाऱ्याने तयार केलेली कोणतीही गोष्ट कॉलेजची. आणि मी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता लॅबच्या मशीनवर तिथीच्या पडद्याचा रंग बदलला होता. पिवळ्याचा हळदी केला होता!

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. रंग कॉलेजचा, बाकी प्रोग्राम आमचा, मग लायसन्स कुणाचं? शेवटी प्राचार्यांकडून 'आमची हरकत नाही' असं पत्र घ्यायचं ठरवलं. मजकूर टाइप केला, पाकिटात घातला, आणि त्यांच्या केबिनमध्ये गेले.

गेले तर खरी, पण पाठ केलेलं सगळं विसरले. "सार, मी फार विचार करून आले आहे... मला एका पत्रावर तुमची सही पाहिजे..." एवढं बोलून मी पाकीट टेबलावर ठेवलं.

प्राचार्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठून उभे राहिले.

"मॅडम, घाई करू नका. निदान परीक्षा होईपर्यंत तरी थांबा! तुम्ही गेलात तर लॅब कोण बघणार?"

राजीनामा नाही हे कळल्यावर त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी पत्र न वाचताच सही केली. न वाचता केलेली सही कोर्टात चालते का, ही काळजी मला पुढे महिनाभर पुरली.

*

मग पोळीचा किस्सा. हा तुळजाक्कांचा आवडता.

तुळजाक्कांनी सणांची यादी भरली होती. भरताना आम्हा पाच जणांना आठवण राहावी म्हणून त्यांनी श्रावणातल्या एका शुक्रवारी लिहून ठेवलं, 'आज तुळजाक्काकडे पोळी.' म्हणजे पुरणाची. त्यांच्या घरचा वर्षाचा ठरलेला बेत. यादी घरगुती होती तोवर ठीक. पुढे ती प्रोग्राममध्ये गेली आणि ती ओळ काढायची सगळेच विसरले.

दोनेक वर्षांनी वेंकट एक फोन नाचवत आला. चेन्नईच्या कुणीतरी नवीन पंचांग-ॲप काढलं होतं. दिसायला झकपक, पण आतला कोड आपलाच, असं त्याचं म्हणणं. आमचं नाव नाही, लायसन्स नाही, कोड कुठे उघडा ठेवलेला नाही. मी म्हटलं, "अरे, पंचांग सगळ्यांचं सारखंच असणार. आपलंच कशावरून?"

वेंकटनं श्रावणातला शुक्रवार उघडला. 'आज तुळजाक्काकडे पोळी.'

तुळजाक्कांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अय्यो, किती लोकांच्या फोनांत अहे हें? मी एवढं पुरण कुठनं आणूं?"

मी तर पुढचा हिशेब मांडायला लागले. वकील करावा लागणार, कोर्टात उभं राहावं लागणार, पुरावा म्हणून पोळी दाखवावी लागणार! रघुअण्णांनी मात्र शांतपणे कागद घेतला आणि त्या लोकांना तमिळमध्ये पत्र लिहिलं. धमकी नाही, एक कठोर शब्द नाही. 'तुम्ही पाणी घेतलंत याचा आनंद आहे. बांध तेवढा काढा.' खाली लायसन्सची कलमं.

आठवड्यात उत्तर आलं. त्यांच्या नव्या पोरांनी कोड उचलला होता, लायसन्स बघितलंच नव्हतं. माफी मागितली, आमची नावं घातली, आपला कोडही उघडा केला. शेवटी एक विनंती केली होती.

'पोळीची नोंद राहू दिली तर चालेल का? आमचे वापरकर्ते आत्तापासून त्या दिवसाची वाट बघतायत.'

*

आता माझी स्वतःची चूक. ही तुळजाक्का पाहुण्यांना सांगत नाहीत.

नव्या आवृत्तीसाठी मी साइटवर नवीन जागा उघडली. साइटने सगळे रकाने भरूनच दिले होते. लायसन्सच्या रकान्यात एक अगदी सैल लायसन्स आपोआप आलेलं: घ्या, बदला, बंद करून विका, परत काही दाखवू नका. मी, गॅस दोनदा तपासणारी मी, तो रकाना न वाचता 'पुढे' दाबलं.

अकरा दिवस आमचा कोड त्या लायसन्सखाली जगापुढे होता.

बाराव्या दिवशी बुधवार होता. लॅबच्या दारात रघुअण्णा उभे. शनिवार सोडून ते तंजावूरला कधीच यायचे नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि विचारलं, "सुभद्रा, तूं बदललंस, की आपोआप झालं?"

आपोआप झालं असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मी पाहिलं नाही, अण्णा."

"पाहिलं नाहीं म्हणजे विचारलं नाहीं," ते म्हणाले. "माझं लिहिलेलं अहे त्यांत. मला विचारायचं होतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी तिथल्या तिथे ते दुरुस्त केलं. ते शेजारी बसून बघत होते. मग उठले आणि पापनाशमच्या बसला गेले.

तीन शनिवार ते आले नाहीत. मला रोज वाटायचं, आज फोन करावा. रोज फोन हातात घेऊन खाली ठेवायची. चौथ्या शनिवारी ते नेहमीसारखे आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "अधिक महिन्यांत एक चूक सांपडली अहे, बघूंया." बस्स, विषय संपला. त्यांच्यापुरता संपला. माझ्यापुरता तो संपला नव्हता, कारण मी माफी मागितलीच नव्हती.

*

आणि मग यंदाचं पत्र आलं.

जगभरच्या फोनमधली कॅलेंडरं ज्या एका मोठ्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या साठ्यावर, चालतात, तिच्या मुख्य बाईंचं पत्र. त्यांना आमच्या तिथ्या हव्या होत्या. म्हणजे कुठल्याही फोनवर, काही न घेता, न भरता, आमच्या लोकांना घरचे दिवस दिसणार! फक्त एक अडचण होती. त्यांचं लायसन्स सैल जातीचं, आमचं जीपीएल. आम्ही आमचं सैल केलं तरच घेता येईल. महिनाअखेरपर्यंत कळवा.

लायसन्स बदलायचं तर ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला, त्या प्रत्येकाची संमती लागते. एकानेही नाही म्हटलं, तर त्याचा भाग काढून नव्याने लिहायचा, नाहीतर गप्प बसायचं. मागच्या वेळी मी कुणालाच विचारलं नव्हतं. पण या वेळी मी प्रत्येकाला विचारणार होते. लेखी.

वेंकटचं 'हो' मी वाक्य पुरं करायच्या आत आलं. तुळजाक्कांचं आलं, "पोळी त्यांतपण घालतील का, विचार," या चौकशीसकट. आचारांनी संमतीचा मेल लिहिला, पण अमावास्या म्हणून पाठवला नाही. दोन दिवसांनी, आमच्याच प्रोग्राममध्ये वेळ बघून, शुभ घटकेला पाठवला!

कोइमतूरची एक विद्यार्थिनी होती. तिने कधीतरी आमच्या कोडमधली एक जास्तीची रिकामी ओळ काढली होती. वेंकट म्हणाला, "अक्का, रिकाम्या ओळीवर कुणाचा हक्क नसतो." मी ऐकलं नाही, तिलाही पत्र घातलं. तिचे आजोबा फोनवर आले आणि त्यांनी माझी पाऊण तास उलटतपासणी घेतली. नात आता काय होणार, तिचं नाव राहणार ना, पुढच्या पिढीचं काय? शेवटी म्हणाले, "सरी, ठीक. आमच्या घराची संमती आहे."

राहिले रघुअण्णा. त्यांचा एका ओळीचा मेल आला. 'वाचलं. शनिवारी समोरासमोर बोलू.'

शनिवारी ते आले नाहीत. रुक्मावैनींचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला की ताप आहे. पुढच्या शनिवारी ते इस्पितळात होते. मंगळवारी सकाळी मुरलीचा फोन आला. मुरली त्यांचा मुलगा, चेन्नईला असतो. "अक्का, अप्पा गेले," तो म्हणाला.

मला लाज वाटते सांगायला, पण खरं तेच सांगते. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, शनिवारी ते काय बोलणार होते? हो म्हणणार होते, की नाही? आणि मला हेही कळत होतं की हे आता कुणालाच कळणार नाही.

*

दहाव्या दिवशी आम्ही चौघं पापनाशमला गेलो.

घाटाकडे निघायच्या आधी मुरलीनं मला बाजूला घेतलं. वडिलांच्या मेलमध्ये त्याने माझं पत्र वाचलं होतं. "अक्का, लेखक गेला की हक्क वारसांचा ना? वारस मी आणि अम्मा. अम्माला मी सांगट्लं अहे. कागद आणलाय तर द्या, आत्तां सही करतो."

कागद माझ्या पर्समध्ये होता. महिना संपायला चार दिवस होते. कायद्याने सगळं नीट होतं. तरी मला पर्स उघडवेना. मी म्हटलं, "आधी आजचं होऊ दे."

नदीच्या पायऱ्यांवर आचारांनी विधी केले, पिंड ठेवला, आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. पलीकडच्या भिंतीवर तीन कावळे होते. एकही हलेना.

मुरली पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "अप्पा, काळजी नक्को. अम्माला मी चेन्नईला घेऊन जातो." कावळे बसूनच. रुक्मावैनी मागून ठणकावून म्हणाल्या, "मी कुठ्ठं येणार नाहीं! मी हिंगडेच राहणार!" त्यावर एक कावळा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. अण्णांची धाकटी बहीण म्हणाली, "तुझ्या अस्क्या वह्या, एकूणएक, जपून ठेवूं रे." कावळा पंख साफ करायला लागला.

ऊन वाढलं. पायऱ्या तापल्या. कुणाकुणाचं काय काय बोलून झालं. अर्धा तास गेला असेल. आचार खाली बसून दर्भाचा कावळा वळायला लागले, म्हणजे खरा आला नाही तर तोच पिंडाला लावायचा. वळता वळता त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"सुभद्रा, तुझं काय राहिलं असेल त्यांच्यापाशीं तर बोल."

सगळे वळून बघायला लागले. मी पुढे गेले, हात जोडले. "अण्णा, तुमचं नाव सगळ्यात वर राहील." कावळा ढिम्म. "अधिक महिन्याच्या कोडला कुणी हात लावणार नाही." काही नाही.

मागून वेंकट हळूच म्हणाला, "अक्का, तें नव्हे."

ते नव्हे, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, "अण्णा, त्या वेळी मी तुम्हाला विचारलं नाही. माझं चुकलं." आणि मग बांध फुटल्यासारखी रडत मी म्हटलं, "लायसन्स बदलणार नाही. आहे तेच राहील."

कावळा भिंतीवरून उतरला, तडक पिंडाशी आला आणि खायला लागला. मागोमाग बाकीचे दोघेही आले.

आचारांनी हातातला दर्भ बाजूला ठेवला. मुरलीने माझ्या पर्सकडे बघितलं आणि मान फिरवली.

शनिवारी तुळजाक्कांच्या हॉलमध्ये मी लायब्ररीच्या बाईंना नकार कळवला. सोबत त्यांचा एक फॉर्म भरायचा होता, कुणी संमती दिली नाही तर त्याची नोंद म्हणून. वेंकट म्हणाला, "वारसांनी नकार दिला असं लिहा." तुळजाक्का म्हणाल्या, "मुरली तर सही करायला तयार होता. खोटं कसं लिहायचं?" आचार म्हणाले, "घडलं तें लिही."

मी लिहायला लागले. लेखकाचं नाव: रघुनाथराव. नकार कुठे दिला: पापनाशम, नदीचा घाट. नकार कसा दिला, मेलने, फोनवर की प्रत्यक्ष: प्रत्यक्ष. साक्षीदार: अकरा जण.

शेवटचा प्रश्न होता, 'लेखकाने नकाराचं काही कारण दिलं का?'

मी लिहिलं, 'नाही. जेवून गेले.'